काचघरातली सहा मिनिटं

४ फेब्रुवारी

टेपमास्तर,

तुला दुसऱ्या नावाने हाक मारायला हल्ली जीभच वळत नाही. मागच्या खेपेला आलास तेव्हा माझ्या ओट्याची उंची मोजून, तो दोन बोटं जास्त उंच आहे असं सांगून गेलास. तेव्हापासून भाजी चिरताना मला कुणीतरी आपल्याला फसवलंय असं वाटत राहतं.

काम आहे म्हणून लिहितेय. फोनवर तू आवाजावरूनच निदान करायला लागतोस आणि मला निदान नको आहे, माहिती हवी आहे. आमच्या बागेला नवे अधीक्षक आलेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं कागदावर लागतं. काचघरात काम करणाऱ्या प्रत्येकाची शारीरिक क्षमता तपासायची असं त्यांनी ठरवलंय. इथे उभं राहायचं, वजन उचलायचं, शिडी चढायची, म्हणून. माझ्या फाइलीत चार वर्षांपूर्वीचा तो कागद आहेच, मल्टिपल स्क्लेरोसिस लिहिलेला. माझी चाचणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, इथल्याच इस्पितळात आहे.

तुला खरं सांगते, मला भीती वाटते. बावीस वर्षं मी या काचेखाली आहे. सकाळी वाफेचे नळ सुरू झाले की काचा आतून धुरकट होतात, बाहेरची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसतात, आणि मधल्या ताडाच्या पानांवरून थेंब माझ्या मानेवर पडतो. रोज एकच, आणि नेमका मानेवर. तो ताड मी पहिल्या वर्षी बी म्हणून लावला होता, आता छताला टेकलाय. इथून उचलून मला तिकिटांच्या खिडकीत बसवलं तर मी वाळून जाईन, आणि हे मी थट्टेत लिहीत नाही.

तू दिवसभर माझ्यासारख्यांनाच चालवतोस, बसवतोस, मोजतोस. तेव्हा आधी मला शिकवणी दे. परीक्षेत काय येतं ते कळलं की ताई अभ्यास करते, हे तुला ठाऊक आहे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ताई,

ओटा दोन बोटं जास्तच आहे. मी माझा शब्द मागे घेत नाही.

पहिली गोष्ट, ही परीक्षा नव्हे. इथे पास-नापास नसतं. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी झिजतं, आणि कुठे किती ते बाहेरून बघून कळत नाही. म्हणून आम्ही मोजतो. मूठ किती घट्ट आवळता येते, ते एका यंत्रावर. नऊ खुंट्या नऊ भोकांत घालून पुन्हा काढायला किती सेकंद लागतात. हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं. आणि सगळ्यात शेवटी, सहा मिनिटं चालायचं.

ही चाल मला सगळ्यात आवडते. आमच्याकडे तीस मीटरचा लांब, रिकामा व्हरांडा आहे. दोन्ही टोकांना एकेक शंकू, छतावर पंखे, कारण उष्णतेने या लोकांचे पाय तेवढ्यापुरते रुसतात आणि गार झालं की पुन्हा बोलायला लागतात. माणूस चालतो आणि मी त्याच्या मागून चालतो, अर्धं पाऊल मागे. बरोबरीने चालायचं नाही, नाहीतर तो आपला वेग धरतो. तोंडाने काही प्रोत्साहन द्यायचं नाही. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य ठरलेल्या सुरात म्हणायचं: "छान चाललं आहे. अजून चार मिनिटं राहिली आहेत." यापलीकडे एक अक्षर नाही. जगात कुठेही ही चाचणी घेतली तरी साधारण असंच. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन येतात. प्रत्येक टोकाला वळताना त्यांचा हात शंकूवर काहीतरी टाकल्यासारखा हलतो. मला ते दिसतं, पण बोलायची परवानगी नाही.

मी तुझी चाचणी घेऊ शकत नाही. नात्यातल्या माणसाने घ्यायची नसते. सोनारानेच कान टोचावेत. पण सराव कर. सरळ जागा मोज, सहा मिनिटं चाल, फेऱ्या लिही, खोलीचं तापमान लिही, आणि दमणूक शून्य ते दहात किती ते लिही. वाटेत थांबलं तरी चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. आणि जे होईल तेच लिही.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

मास्तर,

गृहपाठ पाठवतेय.

व्हरांडा काही आमच्याकडे नाही. काचघरातच पाण्याच्या हौदापासून नेच्यांच्या घराच्या दारापर्यंतची वाट धरली, वीस मीटर, पाण्याच्या नळीने मोजून. घड्याळ माळीबुवांच्या हातात दिलं. माळीबुवांना तू ओळखतोस, ते साठीचे, एका गुडघ्याने चालणारे आणि दुसऱ्याने कुरकुरणारे. अर्धं पाऊल मागून चाला म्हटलं तर म्हणाले, बाईमाणसाच्या मागून चालायचं वय गेलं. मग हौदावर बसून मोजलं.

बारा फेऱ्या, म्हणजे दोनशे चाळीस मीटर. तापमान तेहतीस. दमणूक तीन.

कमी आहेत ना? पण त्याला कारण आहे. मी तीनदा थांबले. पहिल्यांदा एका ऑर्किडची दोरी सुटली होती, ती बांधली. मग घटपर्णीच्या पानामागे पांढरे किडे दिसले, ते दिसल्यावर कुणाला पुढे जाववेल? आणि तिसऱ्यांदा अळूच्या कुंडीत पाणी साचलं होतं, ते कुंडी तिरकी करून ओतलं. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणशील, पण माझं अंगण खरंच झाडांनी भरलेलं आहे. बिचारे माळीबुवा ओरडत होते, वेळ चाललाय, वेळ चाललाय.

सकाळच्या त्या हिरव्या उजेडात नुसतं चालायचं, कुठे पोचायचं नाही, हे फार छान वाटलं रे. वाट तीच, पण प्रत्येक फेरीला जरा लांब झाल्यासारखी. मी मनात म्हटलं, झोपेत चालणाऱ्यांना असंच वाटत असेल.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

मी तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. किड्यांसाठी चाचणी थांबवणारी पेशंट आमच्या इथे अजून आलेली नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून पुसला.

आता पुन्हा कर, पण झाडांकडे न बघता. आणि तेहतीस अंशांत नको. तुमच्याकडे बियाणं ठेवायची गार खोली आहे ना, तिच्या बाहेरच्या बोळात कर. काचघराच्या उबेत तुझे पाय खरं बोलणार नाहीत.

एवढं कळव, ती तीन झाडं नेमकी कुठे होती? सहज विचारतोय.

भाऊ

५ मार्च

मास्तर,

तुझ्या डॉक्टरबाईंना सांग, हसू फुकट आहे, किडे मात्र खरे होते.

झाडं कुठे म्हणजे? हौदाकडून जाताना डाव्या हाताला, तिन्ही. आता तुला त्यांचाही नकाशा हवाय का?

पुन्हा केलं. यावेळी कुठेही थांबणं नाही. वीस फेऱ्या आणि वर दोन मीटर, चारशे दोन! दमणूक तीन. बोळात काही जमलं नाही, तिथे पोती रचलीत, म्हणून वाट तीच घेतली. आता तरी मानतोस ना? जूनमध्ये असेच चारशे दोन काढले की अधीक्षक स्वतः मला शिडी धरून देतील.

परवा दुपारी हौदाच्या काठावर जरा डोळा लागला आणि एक गमतीचं स्वप्न पडलं. काचघर छतापर्यंत पाण्याने भरलंय, कोमट, हिरवं. मी तळाशी चालतेय. उजवा पाय येतो, डावा येत नाही. मागे वळून बघते तर तो नेच्यांमध्ये जाऊन बसलाय, बोटांना मुळं फुटलीत, चेहरा नाही तरी समाधानी दिसतोय. मी म्हटलं, चल, घरी जायचंय. तो म्हणाला, तू हो पुढे. जाग आली तेव्हा हसूच आलं मला.

ताई

१२ मार्च

ताई,

तुझं स्वप्न मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

मी आलो होतो तेव्हा तुमचं काचघर नीट बघितलंय. हौदाकडून जाताना डाव्या हाताला लोखंडी कठडा आहे, आणि उजवीकडे नाही. ऑर्किड, घटपर्णी, अळू, तिन्ही कठड्यापाशीच. तिसरं थांबणं शेवटी शेवटी असणार. तू कुठलीही झाडं पाहून थांबलीस तरी हात ठेवायला आधार तिथेच होता. मला हे पहिल्याच पत्रात दिसायला हवं होतं. दिवसभर मी हेच बघण्याचा पगार घेतो. आणि बहिणीच्या बाबतीत मी हसलो, लोकांनाही हसवलं. त्याची मला लाज वाटते.

आणि आता चारशे दोन. त्याच उबेत, पंधरा दिवसांत दोनशे चाळीसवरून चारशे दोन, आणि दमणूक दोन्ही वेळा तीन. माझ्या हातून शेकडो माणसं चालून गेली आहेत. असं होत नाही.

तुला आठवतं, शाळेत जाताना मी तुझ्या दप्तराचा पट्टा धरून चालायचो, अर्धं पाऊल मागे? मी सहा वर्षांचा, तू चौदाची. मी रडकुंडीला आलो की तू म्हणायचीस, "अजून दोनच वळणं." पुलापाशी म्हणायचीस, पाण्याच्या टाकीपाशी म्हणायचीस, बंद गिरणीपाशीही तेच. मला आकडे येत नव्हते म्हणून चाललं. आता मला आकडे येतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची हे मला मान्य आहे, पण ही मूठ तुला शिडीवर चढवेल. चारशे दोन मीटर चालणाऱ्या बाईला अधीक्षक छताजवळची पानं कापायला सांगतील, तेहतीस अंशांत, आणि तो काही त्यांचा दोष नसेल. चाचणी तुला काढून टाकायला नाही, तुला कुठे ठेवायचं ते ठरवायला आहे. खरं काय ते मला लिही.

तुझा भाऊ

२ मे

मास्तर,

सात आठवडे तुझ्याशी अबोला धरला. तुझे दोन फोनही मुद्दाम घेतले नाहीत. आधी राग आला होता. घरच्या माणसाने आपल्याला मोजू नये असं वाटलं. नंतर राग संपला, पण लिहायला बसलं की पेन उचलवत नव्हतं. आता लिहिते.

चारशे दोन मीटर माळीबुवांचे आहेत.

त्या दिवशी मी पाच फेऱ्या केल्या आणि हौदावर बसले. पाय सुजलेला नव्हता, दुखत नव्हता, फक्त माझा नव्हता. माळीबुवा म्हणाले, राहिलेलं मी चालतो, कुणाला कळणारे? मी म्हटलं, मग सगळंच तुम्ही चाला, हिशेब तरी सरळ राहील. आणि ते खरोखर चालले, अख्खी सहा मिनिटं, कुरकुरत्या गुडघ्याने, छाती काढून. शेवटी वर दोन मीटर जास्तीचे घातले. इतका अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. दमणूक तीन, तीही त्यांचीच.

थांबण्याचं तू ओळखलंस ते बरोबर. ऑर्किडची दोरी मी आधी सोडली आणि मग बांधली. किडे मात्र खरे होते.

आणि आणखी एक. एप्रिलच्या मध्यावर मी शिडी चढले. कुणी सांगितलं नव्हतं. ताडाचं एक वाळलेलं पान महिनाभर डोळ्यांत खुपत होतं, आणि तुझ्या पत्राला उत्तर म्हणून असेल, मी चार पायऱ्या चढले. पान कापलं. खाली यायला डावा पाय उचलला तर तो उचललाच गेला नाही. मग मी ताडाला मिठी मारली आणि तशीच उभी राहिले. गाल खोडाला लावून. समोरच्या काचेवरून थेंब खाली येत होते, एक दुसऱ्यात मिसळायचा आणि मग दोघे वेगाने जायचे. बाहेर शाळेची मुलं रांगेने चालली होती, आवाज येत नव्हता, फक्त तोंडं हलत होती. मला भीती वाटत नव्हती रे. हीच भीतीची गोष्ट आहे. इतकं छान, इतकं गुंगीचं वाटत होतं की हात सोडावेत असंही एकदा मनात आलं. माळीबुवा यायला पाऊण तास लागला. त्यांनी मला खाली घेतलं. मग संध्याकाळी जाताना म्हणाले, माझे ते मीटर खोडून टाका.

खोडले. आता सांग, काय करू?

ताई

७ मे

ताई,

पत्र तीनदा वाचलं. मी रागावलेलो नाही. ताडाचे आभार मान, माझ्याही वतीने.

काय करायचं ते सांगतो. इस्पितळात आधीच कळव की सकाळची वेळ हवी आणि खोली गार हवी. त्यांना ते ठाऊक असेल, तरी कळव. काचघरात किती अंश असतात ते लिहून ने आणि शिडीचं सांग, सगळं. आदल्या दिवशी सराव नको, विश्रांती घे. पाय थांबला की थांब आणि "पाय उचलवत नाही" असं म्हण, झाडाचं नाव सांगू नकोस. तिथे झाडंही नसतील.

मी येऊ शकत नाही. आलो असतो तरी दाराबाहेर बसवलं असतं. पण तुझ्या मागून कुणीतरी चालेल.

भाऊ

१४ जून

मास्तर,

झालं.

लांब पांढरी खोली, दोन शंकू, दोन पंखे, आणि कोपऱ्यात खरंच एकही झाड नाही. चाचणी घेणारी मुलगी तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान, चष्म्याला दोरी बांधलेली. मूठ चांगली निघाली, कात्रीचा हात आहे म्हणाली. खुंट्यांत मी धडधाकट माणसालाही मागे टाकलं असतं. खुर्चीतून अकरा वेळा उठले. मग ती म्हणाली, आता चालू या.

चालायला लागले. गार हवा होती, पाय हलके होते, आणि मागून तिचे बूट वाजत होते, अर्धं पाऊल मागे. पहिलं मिनिट संपलं आणि ती म्हणाली, "छान चाललं आहे. अजून पाच मिनिटं राहिली आहेत."

माझ्या अंगावर काटा आला. तेच वाक्य, तोच सूर, ना गोड ना कोरडा. तू लिहिलं होतंस तसंच. मी मागे वळून पाहिलं नाही. मला माहीत होतं की मागे ती मुलगी आहे, पण पाहिलं नाही, कारण तोवर माझ्या खांद्यावर दप्तर आलं होतं आणि त्याचा पट्टा कुणीतरी मागून धरला होता. खोलीची भिंत लांब जात होती, पुलासारखी, मग टाकी, मग गिरणी. दर मिनिटाला मागचा आवाज मला किती राहिलं ते सांगत होता, आणि जेवढं सांगत होता तेवढंच राहिलेलं होतं. एवढं साधं आणि खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या मिनिटाला पाय थांबला. मी थांबले आणि म्हटलं, "पाय उचलवत नाही." तोंडातून निघताना वाक्य फार जड होतं, निघाल्यावर काहीच वाटलं नाही. तिने ते लिहून घेतलं. वीस सेकंदांनी मी पुन्हा निघाले.

दोनशे अडुसष्ट. दमणूक सात. सातच, माझी स्वतःची.

अहवाल परवा आला. शिडी बंद. उबेच्या भागात काम बंद, तिथे रोज फक्त पंधरा मिनिटं, तीही सकाळी. बाकी वेळ नेच्यांच्या घरात, जिथे अठरा अंश असतात, आणि बसायला उंच स्टूल. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. अधीक्षकांनी कागद वाचून सही केली आणि विचारलं, स्टुलाची उंची किती हवी? मी म्हटलं, माझ्या भावाला विचारून सांगते.

ऑर्किडं गेली माझ्या हातून. ताड गेला. ते आता माळीबुवा बघतात, आणि चुकीचं बघतात. काल पंधरा मिनिटांत मी फक्त त्याच्याखाली उभी राहिले. थेंब पडला, मानेवरच. रडले थोडी. मग नेच्यांकडे गेले. तिथे उजेड आणखी हिरवा आहे, हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

ताई

२० जून

ताई,

स्टूल चौसष्ट सेंटिमीटर, पाय टेकवायला खाली पट्टी हवीच.

दोनशे अडुसष्ट मी माझ्या वहीत लिहून ठेवले. डिसेंबरात जे येतील तेही ठेवीन, जास्त आले तरी, कमी आले तरी. त्या दोरीच्या चष्म्यावाल्या मुलीला मी ओळखत नाही, पण तुला जमलं तर माझा नमस्कार सांग. चाचणी संपल्यावर बोलायला परवानगी असते.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. गेल्या वर्षी मी आपल्या जुन्या गावी गेलो होतो तेव्हा शाळेची वाट टेपने मोजली. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. तू पुलापाशी पहिल्यांदा "अजून दोनच वळणं" म्हणायचीस ना, तिथून शाळेच्या फाटकापर्यंत सात वळणं आहेत.

मी सातही चालायचो. रोज.

टेपमास्तर